पाण्यात सोडलेले औषध

शेततळ्यातले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, दोन-चार उलटे तरंगू लागले की केळीपट्ट्यातल्या रावेर-यावलला काय किंवा पांझरेकाठच्या साक्री-धुळ्याला काय, उपाय ठरलेले असतात. आधी चुना. मग परमँगनेट, म्हणजे पाणी गुलाबी करणारे ते जांभळे कण. तेवढ्याने मर थांबली नाही तर गुरांच्या औषधांच्या दुकानातून प्रतिजैविकाची पुडी येते आणि खाद्यात कालवली जाते. रोग कोणता, मात्रा किती, किती दिवस, हे विचारायला तिथे बहुधा कोणी नसते.

यातल्या परमँगनेटला एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पटकीच्या साथीत विहिरींमध्ये परमँगनेट टाकण्याची रीत हिंदुस्थानात रुजली, ती रुजवणाऱ्यांत आग्र्याचा सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन आघाडीवर होता. माणूस विलक्षण. घारी-गिधाडे पंख न हलवता कशी तरंगतात यावर त्याने पुस्तक लिहिले आणि मुघल इमारतींवरच्या भौमितिक नक्षीची रचना उलगडून दाखवली. याच हॅन्किनने १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात एक निबंध छापला. गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणू टाकले तर ते काही तासांत मरतात, तेच पाणी उकळून घेतले तर मात्र जगतात, असे त्याचे निरीक्षण होते.

जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरियोफेजचा, इतिहास सांगणारी बहुतेक पुस्तके इथूनच सुरुवात करतात. या कथेवर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. हॅन्किनला स्वतःला हा परिणाम पाण्यातल्या एखाद्या उडून जाणाऱ्या पदार्थाचा वाटला होता, आणि २०११ मध्ये फेज-संशोधकांनीच त्याचा मूळ निबंध पुन्हा वाचून, त्याला दिसले ते फेज असण्याची शक्यता कमी आहे, असे लिहिले आहे. गंगाजलाच्या महतीला शास्त्राचा दाखला मिळतो म्हणून ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. आवडीची गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतले अंतर पुढच्या सगळ्या हकिकतीत पुन्हा पुन्हा आडवे येणार आहे.

ज्या वर्षी हॅन्किनचा निबंध छापला गेला त्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ आगगाडीच्या वाटेने देशभर गेली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ओलांडूनच नागपूर आणि अलाहाबादकडे जात असे; खानदेश तिच्या वाटेवरच पडला होता. गाठीचा ताप आला की गाव ओस पडे, माणसे मळ्यात झोपड्या घालून राहत. पटकी तर प्लेगच्याही आधीपासून ठाण मांडून होती. मरीआईचा गाडा शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा, एवढाच उपाय बहुतेक गावांच्या हाती होता.

मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत सुरू झालेली त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. मधल्या काळात, १९०२ मध्ये, पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला. तो त्यांचा नव्हता हे सिद्ध व्हायला वर्षे लागली. पण सुईची भीती गावोगाव बसली ती बसलीच. टोचायचे नाही, फक्त प्यायचे, असे औषध कोणी आणले असते तर त्याचे स्वागतच झाले असते.

ते औषध युरोपात तयार होत होते. १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टला आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या फेलिक्स डेरेलला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जिवाणूंना फोडून टाकणारे काहीतरी दिसले. ट्वॉर्ट तिथेच थांबला. डेरेलने दिसलेल्या गोष्टीला नाव दिले, तो विषाणू आहे असे ठणकावून सांगितले आणि लगेच तो औषध म्हणून वापरायला घेतला. या गृहस्थाचे रीतसर वैद्यकीय शिक्षण झालेले नव्हते. तो पॅरिसमध्ये जन्मला, पण आयुष्यभर स्वतःला कॅनडाचा म्हणवत राहिला. भांडखोर होता आणि आपल्या शोधाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

फेजचे काम समजायला अवघड नाही. जिवाणूच्या पृष्ठभागावर विशिष्ट रेणू असतात. त्यांतला नेमका एखादा सापडला तरच फेज तिथे चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. साधारण अर्ध्या तासाच्या आसपास जिवाणूच्या आतच त्याच्या शेकडो प्रती तयार होतात, जिवाणू फुटतो आणि नव्या प्रती पुढच्या जिवाणूंकडे जातात. शत्रू असेपर्यंत औषध आपोआप वाढते, शत्रू संपला की उतरू लागते. रसायनाला हे जमत नाही. मात्र फेजला निवड असते. एका जातीच्या जिवाणूवर, कित्येकदा त्या जातीच्या ठरावीक वाणांवरच, तो चालतो; शेजारच्या वाणाला तो हातही लावत नाही.

आजच्या मत्स्यशेतीच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेरेलने फेजचा पहिला मोठा प्रयोग माणसांवर केला नाही. १९१९ मध्ये फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांच्या टायफॉइडवर त्याने फेज वापरला, आणि १९२० मध्ये तो इंडोचायनात म्हशींच्या घटसर्पावर काम करायला गेला. खानदेशातल्या कोणत्याही गोठ्याला घटसर्प ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडाला धडधाकट म्हैस दोन दिवसांत नेणारा हा रोग. म्हणजे पाळीव जनावरांच्या रोगावर फेज वापरायची कल्पना नवी नाही. फेज-उपचार जन्माला आला तोच गोठ्यात आणि खुराड्यात.

१९२५ मध्ये अलेक्झांड्रियात डेरेलने प्लेगच्या चार रोग्यांच्या गाठींत फेज टोचला. चौघेही बरे झाले. चार हा आकडा काही सिद्ध करायला फार लहान आहे, पण प्लेगने पोळलेल्या हिंदुस्थान सरकारला तो पुरेसा वाटला आणि डेरेलला मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये येण्याचे निमंत्रण गेले.

परळला आल्यावर मात्र अलेक्झांड्रियाची जादू चालली नाही. प्लेगच्या फेजने इथे तसा गुण दाखवला नाही. पुढे हाफकिनमध्येच बी. पी. बी. नायडू आणि सी. आर. अवारी यांनी प्लेगच्या रोग्यांवर फेज वापरून त्याचे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध केले, तेही उत्साह वाढवणारे नव्हते. डेरेल प्लेगवर फार काळ रेंगाळला नाही. त्याने मोर्चा पटकीकडे वळवला आणि १९२७ मध्ये आर. एच. मॅलोन आणि एम. एन. लाहिरी यांना बरोबर घेऊन पंजाबच्या खेड्यांत उतरला.

आपल्या हकिकतीचा कणा हाच भाग आहे. पटकीच्या रोग्यांना फेज पाजण्यात आला. फेज न मिळालेल्या रोग्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मेले, फेज मिळालेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहिले, असे या तिघांनी आपल्या अहवालात लिहिले. याहून धाडसी प्रयोग विहिरींचा होता. ज्या गावात साथ सुरू झाली तिथल्या विहिरींत थोडा थोडा फेज ओतायचा. एरवी तीन-चार आठवडे चालणारी साथ यामुळे दोन दिवसांत थांबते, असा डेरेलचा दावा होता. हॅन्किनच्या परमँगनेटने विहिरीतले सगळेच जंतू मारायचा प्रयत्न केला होता. इथे त्याच विहिरीत एकाच जिवाणूचा वैरी सोडला जात होता.

या आकड्यांनी दिल्ली-सिमल्यात खळबळ उडाली नसती तरच नवल. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या पूर्वज संस्थेने, ‘बॅक्टेरियोफेज इन्क्वायरी’ सुरू केली. ती १९२७ ते १९३६ चालली. जगात कुठेही फेज-उपचाराची इतकी मोठी, इतकी लांबलेली सरकारी चौकशी तोवर झाली नव्हती. इगोर अशेशोव्ह हा रशियन जिवाणूशास्त्रज्ञ पाटण्याला आला, आसामात शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून जे. मॉरिसनने काम सुरू केले, आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सी. एल. पसरिचा यांनी इस्पितळातले रोगी घेतले.

पाटण्याच्या कामातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट डेरेलला रुचणारी नव्हती. फेज म्हणजे एकच एक जीव, तो सवयीने निरनिराळे जिवाणू खायला शिकतो, असे डेरेल मानत असे. अशेशोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पटकीचे फेजच अनेक प्रकारचे असतात, एक प्रकार ज्या जिवाणूवर हरतो त्यावर दुसरा चालतो, हे दाखवले. म्हणजे बाटलीत एक फेज भरून भागणार नव्हते, मिश्रण लागणार होते. आजही बहुतेक फेज-उत्पादने मिश्रणच असतात. ती समज तयार करण्यात पाटण्याचा वाटा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

मॉरिसनचा प्रयोग आकाराने सर्वांत मोठा आणि तपशिलात सर्वांत वादग्रस्त. नौगाव आणि हबिगंज हे तेव्हाच्या आसाम प्रांतातले दोन पटकीग्रस्त भाग त्याने निवडले. नौगावात गावच्या प्रमुखांकडे फेजच्या कुप्या आधीच देऊन ठेवल्या. पहिला रोगी दिसला की डॉक्टरची वाट न पाहता पाजायचे. हबिगंजला सुरुवातीला फेज दिला नाही. नौगावात साथी थंडावल्या, हबिगंजात येत राहिल्या. पुढे हबिगंजलाही फेज देण्यात आला.

निकाल स्पष्ट वाटतो. पण नौगाव ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि हबिगंज सिल्हेटच्या, पावसाळ्यात समुद्रासारख्या पसरणाऱ्या, सखल पाणथळीत. पाणी वेगळे, वस्ती वेगळी. शिवाय पटकीची साथ आपसूक चढते आणि उतरते. एका भागात ती उतरायच्या वेळेलाच औषध पोचले तर श्रेय औषधाला जाते. कलकत्त्याच्या इस्पितळात, जिथे रोगी नजरेखाली होते, पसरिचांना फेजचा फायदा पंजाबच्या आकड्यांच्या जवळपासही दिसला नाही. पंजाबात दोन्ही गटांतले रोगी सारख्याच अवस्थेत उपचाराला आले होते का, हा प्रश्न कायमचा लोंबकळत राहिला. १९३६ मध्ये चौकशी संपली ती ‘सिद्ध झाले’ किंवा ‘खोटे ठरले’ यांपैकी काहीही न म्हणता.

माझ्या मते फेज इथे हरला नाही. हरली ती मोजणी. नऊ वर्षे, अनेक प्रांत आणि हजारो माणसे खर्ची पडूनही एक साधी तुलना पक्की झाली नाही: सगळे सारखे, फक्त औषध वेगळे. डेरेलच्या स्वभावाला तिचे वावडे होते. औषध हाताशी असताना मरणाऱ्याला ते द्यायचे नाही, हे त्याला पटत नसे, आणि माणूस म्हणून त्याला कोण दोष देईल? तरी त्या घाईची किंमत फेजला पन्नास वर्षे मोजावी लागली. १९३४ मध्ये अमेरिकेत ईटन आणि बेन-जोन्स यांनी जगभरच्या फेज-प्रयोगांची झाडाझडती घेऊन बहुतेक पुरावा अपुरा ठरवला.

मग पेनिसिलिन आले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि प्रतिजैविक देशी कारखान्यात तयार होऊ लागले. पूर्व युरोपात, विशेषतः जॉर्जियातल्या तिब्लिसीत, फेज टिकला. तिथली फेज-संस्था उभारणारा डेरेलचा मित्र जॉर्ज एलियावा १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत मारला गेला, पण संस्था चालू राहिली. पटकीवर फेजला आणखी एक संधी १९७० च्या सुमारास ढाक्यात मिळाली. टेट्रासायक्लिनसमोर तो फिका पडला. पटकीचे मरण खऱ्या अर्थाने रोखले ते मीठ-साखरेच्या पाण्याने, १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ते पिंपांतून पाजल्यावर.

फेज पुन्हा बाहेर आला तो माशांच्या निमित्ताने.

१९८१ मध्ये तैवानच्या संशोधकांनी एरोमोनस हायड्रोफिला या जिवाणूवर फेज वापरला. नाव परके वाटले तरी हा जिवाणू आपल्या ओळखीचा आहे. पोट फुगलेला, खवले उभे राहिलेले, अंगावर लाल चट्टे आणि शेपटी कुजलेली असा रोहू किंवा कटला तळ्यात दिसला तर संशयितांत पहिले नाव याचेच. तो गोड्या पाण्यात बाराही महिने असतो. पाणी तापले, प्राणवायू कमी झाला, दाटी वाढली किंवा माशांच्या अंगावर उवा पडून जखमा झाल्या की उचल खातो. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा उथळ शेततळ्यात यातली एकही गोष्ट टळत नाही.

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या तोशिहिरो नाकाई यांनी १९९९ पासून आयू आणि यलोटेल या माशांवर फेजचे प्रयोग प्रसिद्ध केले. रोग नैसर्गिकरीत्या पसरलेल्या एका तळ्यात त्यांनी आयूंना फेज मिसळलेले खाद्य दिले. दोन आठवड्यांत रोजचे मृत्यू एक तृतीयांशावर आले. भारतात मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात इंद्राणी करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळंबीच्या बीजकेंद्रात व्हिब्रिओ हार्वेई या अंधारात चमकणाऱ्या जिवाणूविरुद्ध फेज वापरला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: काहीच न दिलेल्या टाकीत १७ टक्के पिल्ले जगली, नेहमीच्या प्रतिजैविकाच्या टाकीत ४० टक्के आणि फेजच्या टाकीत ८६ टक्के. विशेष म्हणजे व्हिब्रिओ हा पटकीच्या जिवाणूच्याच कुळातला. आणि डेरेलला पंजाबात न साधलेली गोष्ट इथे साधली होती: शेजारी-शेजारी टाक्या, एकच पाणी, एकच पिल्ले, आणि तिन्हींची मोजदाद.

त्या आधी, २००० मध्ये, बंगळूरला डॉ. जानकीरामन रामचंद्रन यांनी गंगाजेन ही फेज-औषधांची कंपनी काढली होती. नावात गंगा का आहे हे वेगळे सांगायला नको. पोलंडमधील प्रोटिऑन ही कंपनी आज एरोमोनस आणि स्यूडोमोनसविरुद्ध माशांसाठी फेजचे मिश्रण बनवते.

या सगळ्याचा तापीखोऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. खानदेशात मासे नवे नाहीत. हतनूर, गिरणा, वाघूर, अनेर, अक्कलपाडा ही धरणे, धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव तलाव, यांवर भोई समाजाची आणि मच्छीमार सहकारी संस्थांची रोजी चालते. नवी आहेत ती शेततळी. केळीला आणि कापसाला ठिबकने पाणी द्यायला खोदलेल्या, प्लास्टिक अंथरलेल्या या तळ्यांत आता जोडधंदा म्हणून रोहू, कटला, मृगल सोडले जातात. आधी हे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन येई. १९५७ मध्ये डॉ. हीरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे पीयूष ग्रंथीच्या टोचणीने प्रजनन साधले आणि बीजकेंद्रे शक्य झाली. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बोटुकली शेकडो कोस प्रवास करते, आणि तिच्यासोबत तिचे जिवाणूही.

अशा तळ्यात फेजला विहिरीपेक्षा आणि माणसाच्या पोटापेक्षा चांगली संधी आहे, असे मला वाटते. मासा चोवीस तास त्याच पाण्यात असतो; पाण्यातला फेज त्याच्या कातडीला, कल्ल्यांना, जखमेला सतत लागतो. पटकीच्या फेजचे मोठे दुखणे होते जठरातले आम्ल. पाजलेला फेज आतड्यापर्यंत पोचण्याआधीच बराचसा नष्ट होई. कार्प कुळातल्या माशांना, म्हणजे रोहू-कटला-मृगलांना, जठरच नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. खाद्यातून दिलेल्या फेजच्या वाटेतला तो अडथळा इथे निसर्गतःच नाही. आणि विषाणू फवारायची आपल्याला सवय नाही असे तर मुळीच नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू, हेक्टरी ५०० एलई, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर फवारा, ही शिफारस आपल्या शेतकऱ्याने कित्येकदा ऐकली आहे. उन्हातले अतिनील किरण त्या विषाणूला मारतात, तसेच ते फेजलाही मारतात.

म्हणून लगेच बाटल्या मागवायला निघू नये. पंजाबच्या विहिरींनी एवढे तरी शिकवले आहे.

पहिली अडचण निदानाची. माशाच्या अंगावरची प्रत्येक जखम जिवाणूची नसते. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून सुरू होऊन देशभर पसरलेल्या व्रणरोगाच्या मुळाशी ॲफॅनोमायसिस हा बुरशीसारखा जीव होता; एरोमोनस त्या जखमांत मागून शिरत असे. तिथे फेज ओतला असता तर पैसे पाण्यात गेले असते, अगदी शब्दशः. दुसरी अडचण निवडीची. पोलंडच्या तळ्यातल्या एरोमोनसवर चालणारे मिश्रण चोपड्याच्या एरोमोनसवर चालेलच असे नाही. फेज इथल्याच पाण्यातून, इथल्याच रोगट माशातल्या जिवाणूवर पारखून घ्यावे लागतील. जिवाणू फेजलाही प्रतिकार करायला शिकतात, तेव्हा मिश्रण अधूनमधून बदलावे लागेल. गिरणा धरणाएवढ्या पाण्यात फेज सोडायचा विचार तर कोणी मनातही आणू नये. बीजकेंद्राची टाकी, संगोपन तळे आणि शेततळे एवढीच त्याची हद्द.

सर्वांत गंभीर धोका मात्र पटकीनेच दाखवून दिला आहे. पटकीचा जिवाणू माणसाला मारतो ते ज्या विषामुळे, त्या विषाची जनुके जिवाणूला एका फेजने दिलेली आहेत, हे १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवले. काही फेज जिवाणूला न मारता त्याच्यातच दडून बसतात आणि त्याला नवी शस्त्रे पुरवतात. डेरेलने विहिरींत ओतलेल्या बाटल्यांत काय काय होते, हे तपासायची सोय तेव्हा नव्हती. आज फेजचा संपूर्ण डीएनए वाचता येतो. तो वाचल्याशिवाय एकही बाटली तळ्यात जाता कामा नये.

हे काम मुंबई-बंगळूरनेच करावे असे काही नाही. सांडपाण्यातून फेज वेगळा करणे हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातला नेहमीचा प्रयोग आहे, आणि जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची जिल्हा कार्यालये आहेत. एकाच विहिरीच्या पाण्याने भरलेली, एकाच दिवशी एकाच बीजाने सोडलेली दोन शेततळी खानदेशात सहज मिळतील. एकात फेज, दुसऱ्यात नाही, आणि रोज सकाळी दोन्हींतले मेलेले मासे मोजून वहीत लिहायचे. नौगाव-हबिगंजला जे नऊ वर्षांत जमले नाही ते दोन हंगामांत जमू शकते.

तोवर तळेमालकांना एकच विनंती. मर सुरू झाली की औषधाच्या दुकानाआधी प्रयोगशाळा गाठा. खाद्यात प्रतिजैविक कालवू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर खाण्याच्या माशांसाठी बंदच आहेत. आणि तपासणीला नेताना कुजलेला, तरंगणारा मासा नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. नुकता आजारी पडलेला, अजून कल्ले हलवणारा मासा तळ्याच्याच पाण्यात घालून, नाहीतर बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवा, आणि सोबत पाण्याची एक बाटलीही न्या.